नखांवर उतरला हॅलोविन
रंगांची हौस जरूर करावी, पण नखांचं आरोग्य सांभाळून. पानगळीच्या मोसमात नखं सजवण्याचे सोपे नमुने आणि काही आवश्यक सूचना

ऑक्टोबर महिना लागला की अमेरिकेतल्या गल्ल्यांचा रंगच बदलतो. मेपलची झाडं पिवळी, केशरी, लाल होतात. घरांच्या पायऱ्यांवर भलेमोठे भोपळे येऊन बसतात. कुंपणांवर कापसाची कोळ्याची जाळी लटकू लागतात आणि दुकानांच्या काचांमागे चेटकिणी, हाडांचे सापळे दात विचकत उभे राहतात. याच दिवसांत नखं सजवून देणाऱ्या पार्लरमध्येही गर्दी होते. कुणाला नखांवर भूत हवं असतं, कुणाला वटवाघूळ, तर कुणाला फक्त गडद वाइन रंगाचा एक हात.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमध्ये याच सुमारास दिवाळीची तयारी चाललेली असते. एकीकडे भाजणी मळायची असते, आकाशकंदील बाहेर काढायचा असतो आणि दुसरीकडे दहा-अकरा वर्षांची लेक हट्ट धरून बसलेली असते, ''आई, माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली काळी नेलपॉलिश लावणार आहेत. मलाही हवी.'' तिकडे फोनवर दिसणारी आजी कपाळाला आठ्या घालते, ''सणासुदीच्या दिवसांत काळी नखं? हे काय भलतंच!'' आई बिचारी दोघींच्या मध्ये सापडते. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतांची मिरवणूक असा तो दिवस होता.

खरं तर आजी आणि नात या दोघींचंही समाधान होऊ शकतं. नखांवरची भुतं चार दिवसांची पाहुणी असतात. प्रश्न रंगाचा नसतोच. तो रंग कशाने लावला, कुणी लावला आणि कसा काढला, हे महत्त्वाचं असतं. चार दिवसांच्या हौसेसाठी नखांचं सहा महिन्यांचं नुकसान करून घेणाऱ्या स्त्रियांची संख्या कमी नाही.

भुतांचा हा सण आला कुठून?

हॅलोविन हा मूळचा अमेरिकन सण नाही. त्याची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या केल्टिक लोकांच्या 'साउइन' या सणात आहेत. पिकं घरात आली, उन्हाळा संपला आणि अंधाराचे दिवस सुरू झाले की हा सण येत असे. या रात्री जिवंत माणसं आणि मृतात्मे यांच्यामधला पडदा विरळ होतो, असा त्यांचा समज होता. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळचं नाव 'ऑल हॅलोज ईव्ह' आणि त्याचाच अपभ्रंश म्हणजे हॅलोविन.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले आणि आपला सणही घेऊन आले. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला. तो मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून तोच या सणाची खूण बनला. आपल्याकडे पितृपक्षात पूर्वजांची आठवण गंभीरपणे काढली जाते. तिकडे मात्र हा दिवस हळूहळू मुलांच्या मौजेचा झाला. मुलं सोंगं घेऊन घरोघर जातात आणि चॉकलेटं गोळा करतात. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या सोसायट्यांमध्येही अशा पार्ट्या होऊ लागल्या आहेत. त्यामुळे हे नमुने इथल्या मुलींनाही कामी येतील.

गडद रंगांची जुनी हौस

आज बाटलीत मिळणारी नेलपॉलिश फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींसाठी चटकन वाळणारे चकचकीत रंग आले आणि त्याच धर्तीवर नखांचे रंग तयार झाले. १९३२ साली अमेरिकेत रेव्हलॉन कंपनी सुरू झाली ती नेलपॉलिशच्याच बळावर. त्या काळात नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर आणि नखाचं टोक कोरं ठेवून मधलाच भाग रंगवण्याची फॅशन होती. चंद्रकोरीची ती तऱ्हा अजूनही अधूनमधून परत येते.

पानगळीच्या मोसमात गडद रंग वापरण्याची प्रथा पक्की झाली ती १९९४ नंतर. त्या वर्षी शनेल या फ्रेंच कंपनीने जवळजवळ काळा वाटावा असा गर्द लाल रंग आणला. त्याच वर्षी आलेल्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटातल्या उमा थर्मनच्या गडद नखांची खूप चर्चा झाली आणि दुकानांतून तो रंग दिसेनासा झाला. तोपर्यंत काळपट नखं म्हणजे रॉक गायकांचा वेडेपणा समजला जात असे. त्यानंतर ऑफिसात जाणाऱ्या स्त्रियाही बिनदिक्कत असे रंग लावू लागल्या.

या मोसमासाठी वाइन, विटकरी, मोहरी, मेंदीचा हिरवा, जांभळा आणि चॉकलेटी हे रंग निवडावेत. भारतीय सावळ्या रंगाच्या हातांवर हे रंग फिक्या गुलाबीपेक्षा कितीतरी अधिक खुलतात. शिवाय स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांचा आणखी एक फायदा आहे. फिक्या नेलपॉलिशवर हळदीचा पिवळा डाग लगेच पडतो, गडद रंगावर तो दिसत नाही.

आधी नखं तयार करा

भिंतीला रंग देण्याआधी ती खरवडून स्वच्छ करावी लागते. नखांचंही तसंच आहे. नेलपॉलिश दोन दिवसांत निघते तेव्हा दोष बहुधा बाटलीचा नसतो, घाईचा असतो.

* जुनी नेलपॉलिश काढून नखांना फाइलने आकार द्या. फाइल एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे फिरवा. करवतीसारखी पुढे-मागे घासल्याने नखांचे पापुद्रे सुटतात.

* रंग लावण्याआधी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवण्याची सवय अनेकींना असते. नख पाणी शोषून फुगतं आणि वाळल्यावर आक्रसतं. मग वरचा रंग तडकतो. म्हणून हात भिजवायचेच असतील तर ते आदल्या दिवशी भिजवा.

* नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा, म्हणजे क्युटिकल, कापू नका. नख आणि बोट यांच्यामधली फट बंद ठेवणारं ते नैसर्गिक झाकण आहे. ते कापलं की जंतूंना वाट मोकळी होते. तेल लावून लाकडी काडीने ते हलकेच मागे सारलं तरी पुरे.

* रंग लावण्यापूर्वी कापसावर थोडं रिमूव्हर घेऊन प्रत्येक नख पुसा. हाताला लागलेलं तेल किंवा क्रीम निघून जाईल.

* बेस कोट कधीही टाळू नका. केशरी, लाल आणि काळ्या रंगांनी नखं पिवळी पडतात. बेस कोटमुळे रंग नखात मुरत नाही.

* एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर द्या. दोन थरांमध्ये किमान दोन-तीन मिनिटं थांबा. केशरी किंवा पिवळा रंग उठून दिसायला हवा असेल तर त्याखाली पांढऱ्या रंगाचा एक थर द्या.

घरच्या घरी सात नमुने

यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. टूथपिक, केसांची पिन, चिकटपट्टी, भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा आणि जुना बारीक ब्रश एवढं सामान पुरे. पिनेच्या गोल टोकाने सुबक ठिपका उमटतो. ठिपक्यांची रांगोळी आणि मेंदी काढायला सरावलेल्या हाताला हे काम मुळीच अवघड जाणार नाही. कागदावर नेलपॉलिशचा एक थेंब काढून घ्या आणि त्यात टोक बुडवत नक्षी काढा. खालचा रंग पूर्ण वाळल्याशिवाय नक्षीला हात घालू नका.

भोपळा : नख केशरी रंगवा. वाळल्यावर चॉकलेटी रंगात टूथपिक बुडवून मुळापासून टोकापर्यंत तीन-चार बारीक वक्र रेषा काढा. या भोपळ्याच्या फाका झाल्या. मुळाशी हिरव्या रंगाचा छोटा देठ काढा. हवं असल्यास काळ्या रंगाने दोन त्रिकोणी डोळे आणि दातेरी तोंड काढा. पाचही बोटांवर हसरे चेहरे काढण्यापेक्षा एकाच बोटावर काढलेला चेहरा अधिक गमतीदार दिसतो.

भूत : काळ्या नखावर पांढऱ्या रंगाचा लांबट थेंब ठेवा. त्याची खालची कड टूथपिकने तीन ठिकाणी ओढून लाटांसारखी करा. वाळल्यावर काळे दोन ठिपके म्हणजे डोळे. सर्वांत सोपा नमुना हाच. लहान मुलींनाही तो जमतो.

कोळ्याचं जाळं : जांभळ्या किंवा केशरी नखाच्या मुळाशी एक कोपरा निवडा. तिथून चार-पाच काळ्या रेषा पंख्यासारख्या पसरवा. मग शेजारच्या दोन-दोन रेषा आतल्या बाजूला झुकलेल्या छोट्या कमानींनी जोडत जा. काळ्या नखावर चंदेरी जाळंही छान दिसतं.

ममी : इजिप्तमधल्या पट्ट्या गुंडाळलेल्या ममीचा हा नमुना. राखाडी नखाच्या मधोमध काळा आडवा पट्टा काढा. त्यावर पांढरे दोन ठिपके आणि त्यांच्या आत काळे बारीक ठिपके काढा. आता डोळे मोकळे ठेवून वर आणि खाली पांढऱ्या रंगाच्या वाकड्यातिकड्या पट्ट्या ओढा. पट्ट्या जितक्या वेड्यावाकड्या, तितकी ममी खरी वाटते. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी हाच नमुना निवडावा.

कँडी कॉर्न : अमेरिकेत या दिवसांत मक्याच्या दाण्याच्या आकाराची तिरंगी गोळी खातात. तिचे रंग नखावर शोभतात. मुळाशी पिवळा, मध्ये केशरी आणि टोकाला पांढरा असे तीन पट्टे द्या. स्पंजच्या तुकड्यावर तिन्ही रंग शेजारीशेजारी लावून तो नखावर हलकेच टेकवला तर रंग एकमेकांत मिसळून जातात.

रक्ताचे ओघळ : त्वचेच्या रंगाच्या नखावर मुळाशी लाल रंगाची कड काढा. तिच्यातून टूथपिकने टोकाकडे लहान-मोठे ओघळ ओढा. प्रत्येक ओघळाच्या शेवटी पिनेने एक ठिपका ठेवा. वाइन रंग वापरला तर रक्त अधिक खरं वाटतं. आजी जेवायला बसणार असेल तर मात्र हा नमुना टाळलेला बरा!

वटवाघूळ आणि चंद्र : गर्द निळ्या नखाच्या वरच्या भागात मोठ्या पिवळ्या ठिपक्याचा चंद्र काढा. तो वाळल्यावर त्यावर काळा छोटा ठिपका द्या आणि दोन्ही बाजूंना टूथपिकने पंख ओढा. पंखांची खालची कड कमानदार ठेवा.

सगळं वाळल्यावर वरून टॉप कोट लावा. तो लावताना ब्रश नखावर दाबू नका, नाहीतर काळा रंग पसरून भुताचं ढग होईल. नखाच्या पुढच्या कडेवरूनही ब्रश फिरवा. रंग तिथूनच आधी उडतो. नेलपॉलिश वरून वाळलेली दिसली तरी आतून घट्ट व्हायला काही तास लागतात. तेवढा वेळ गरम पाणी आणि भांडी यांपासून दूर राहा.

ऑफिसात जाणाऱ्यांसाठी

सगळ्यांनाच बोटांवर भुतं नाचवणं शक्य नसतं. अशा स्त्रियांनी विटकरी किंवा वाइन रंग लावून फक्त अनामिकेवर सोनेरी पान काढावं. एक मधली रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या छोट्या रेघा काढल्या की पान तयार. मोहरी आणि चॉकलेटी रंगांच्या उभ्या-आडव्या रेघांनी लोकरीच्या शालीसारखे चौकडेही काढता येतात. काळ्या रंगाची आवड असेल तर चकचकीत काळ्या नखाच्या टोकाला चमक नसलेल्या काळ्या रंगाची कड द्यावी. जवळून पाहिल्याशिवाय ती कळतही नाही.

रुग्णालयात काम करणाऱ्यांनी मात्र नखं आखूड ठेवावीत आणि कृत्रिम नखं लावूच नयेत. लांब आणि कृत्रिम नखांखाली हात धुतल्यानंतरही जंतू राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांच्या थेट संपर्कात येणाऱ्यांना कृत्रिम नखं वापरू नयेत असं बजावलं आहे. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर हाच नियम घरीही पाळावा.

लहान मुलींची नखं

लहान मुलं बोटं तोंडात घालतात, नखं कुरतडतात. त्यांच्यासाठी पाण्यावर आधारलेली, सहज निघणारी नेलपॉलिश निवडा. तिला उग्र वास नसतो. जेल आणि ॲक्रिलिकची नखं मुलींना करून देऊ नका, मग मैत्रिणींच्या आईने दिली असली तरी.

आणखी एक धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. साधी नेलपॉलिश आणि रिमूव्हर हे दोन्ही चटकन पेट घेणारे पदार्थ आहेत. हॅलोविनला भोपळ्यात मेणबत्ती जळत असते आणि दिवाळीत दारात पणत्या असतात. नखं रंगवायचं काम दिवे लावण्यापूर्वीच उरका, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसजवळ बाटली नेऊ नका.

पार्लरमधल्या खुर्चीपलीकडे

अमेरिकेत नखांच्या पार्लरमध्ये शिरलं की काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया व्हिएतनामी दिसतात. यामागे एक हकिगत आहे आणि तिचा संबंध भयपटाशीच आहे. १९६३ साली आलेल्या हिचकॉकच्या 'द बर्ड्स' या गाजलेल्या चित्रपटाची नायिका होती टिपी हेड्रन. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर हजारो व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत टिपी मदतीला जात असे. तिथल्या बायकांना टाइपिंग, शिवण असं काहीतरी शिकवावं असा विचार चालला होता. पण त्या बायकांचं लक्ष टिपीच्या सुबक नखांकडे होतं. तिने आपल्या मॅनिक्युरिस्टलाच छावणीत बोलावलं आणि एका ब्यूटी स्कूलमध्ये त्यांच्या शिक्षणाची सोय केली. वीस स्त्रियांपासून सुरू झालेला हा धंदा बहिणी, भावजया, मैत्रिणी असा पसरत गेला. इंग्रजी फारसं येत नसलं तरी हाताच्या कौशल्यावर त्यांनी संसार उभे केले. आज अमेरिकेतली जवळजवळ निम्मी नेल पार्लर व्हिएतनामी कुटुंबं चालवतात असं मानलं जातं.

ग्राहक स्त्री त्या खुर्चीत तासभर बसते. पलीकडची स्त्री मात्र दिवसाचे आठ-दहा तास त्याच वाफांमध्ये श्वास घेते. नेलपॉलिशमधले टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट हे तीन पदार्थ 'विषारी त्रिकूट' म्हणून बदनाम झाले आणि अनेक कंपन्यांनी ते काढून टाकले. तरीही हवा खेळती नसलेल्या जागेत त्रास होतोच. पार्लर निवडताना भाव पाहण्याआधी खिडक्या आणि पंखे पाहा. आत शिरताच वासाने डोळे चुरचुरले तर मागे फिरा. चांगली हवा ग्राहकाला हवी असते, तशीच काम करणारीलाही.

पार्लरमध्ये आणखी काही गोष्टींकडे लक्ष द्या. भिंतीवर परवाना लावलेला आहे का? हत्यारं प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक केली जातात का? फाइल नवी आहे का? पाय बुडवायचं टब धुतलं जातं का? २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका पार्लरमधल्या टबांमुळे शंभरहून अधिक स्त्रियांच्या पायांवर गळवं उठली होती. टबाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि मळ साचून त्यात जंतू वाढले होते. ज्यांनी जाण्याआधी पायांवरचे केस रेझरने काढले होते त्यांना हा धोका अधिक होता. तेव्हा पेडिक्युअरच्या आधी पायांवर रेझर फिरवू नका.

जेलचा मोह

दोन-तीन आठवडे जशीच्या तशी राहणारी जेल नेलपॉलिश तरुणींना फार आवडते. ती दिव्याखाली घट्ट होते. दिव्याखाली धरण्यापूर्वीचा ओला रंग त्वचेला लागला तर मात्र ॲलर्जी होऊ शकते. जेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या अशा एका रसायनाचं नाव आहे हेमा! नाव घरातल्या लेकीचं वाटावं असं, पण ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही. बोटांची टोकं लाल होतात, खाजतात, तडकतात. नख बोटापासून सुटू लागतं. कधी कधी पापण्यांवर आणि चेहऱ्यावरही पुरळ येतं. याच जातीची रसायनं दातांच्या भरावात आणि सांधा बदलताना वापरल्या जाणाऱ्या सिमेंटमध्येही असतात. म्हणजे विशीत हौस म्हणून जडलेली ॲलर्जी साठीत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आडवी येऊ शकते.

धोका सर्वांत जास्त असतो तो घरी जेल लावणाऱ्यांना. हात सराईत नसतो, रंग कडेच्या त्वचेवर सांडतो आणि स्वस्तातला दिवा जेल पुरतं घट्ट करत नाही. म्हणूनच युरोपीय संघात हेमा असलेली उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत असा नियम २०२१ पासून लागू झाला. जेल घट्ट करणाऱ्या टीपीओ या दुसऱ्या रसायनावर तर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा प्रजननक्षमतेवर वाईट परिणाम दिसला होता. म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय जरूर लावून घ्यावी.

जेलच्या दिव्यातून अतिनील किरणं निघतात. म्हणून दिव्याखाली हात धरण्यापूर्वी सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला, असा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात. सणासमारंभापुरतं जेल लावायला हरकत नाही, पण वर्षभर एकावर एक हात चढवत राहू नये.

काढताना घाई नको

नखांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते रंग लावताना नव्हे, काढताना. एखादी कड सुटली की ती ओढून काढण्याचा मोह आवरत नाही. त्या जेलबरोबर नखाचा वरचा पापुद्राही निघून येतो. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटरच वाढतं. म्हणजे मुळाजवळ खराब झालेलं नख पूर्ण वाढून नवं यायला सहा महिने लागतात. पायाच्या नखाला तर वर्ष-दीड वर्ष लागतं.

जेल काढण्यासाठी त्याचा वरचा चकचकीत थर फाइलने हलकेच खरखरीत करा. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. दहा-पंधरा मिनिटांनी जेल आपोआप सुटू लागेल. मग लाकडी काडीने ते हळूच सरकवा. निघालं नाही तर पुन्हा पाच मिनिटं गुंडाळा, पण खरवडू नका. साधी गडद नेलपॉलिश काढतानाही कापूस नखावर काही सेकंद दाबून धरा आणि मग टोकाकडे ओढा. गोल गोल चोळल्यास काळा रंग कडेच्या त्वचेत बसतो.

ॲसिटोनमुळे नखं कोरडी पडतात. त्यातच थंडी सुरू झालेली असते आणि घरातल्या हीटरने हवाही कोरडी होते. म्हणून रात्री झोपताना नखांच्या मुळाशी खोबरेल किंवा बदामाच्या तेलाचे दोन थेंब चोळा. भांडी घासताना रबरी हातमोजे वापरा. आठवडाभर हे केलं तरी फरक दिसतो.

अधूनमधून कोरी नखंही पाहा

नखं बोलत नाहीत, पण बरंच काही सांगतात. ती सतत रंगवून ठेवली की त्यांचं सांगणं ऐकूच येत नाही. फिकट आणि चमच्यासारखी खोलगट नखं अंगात लोह कमी असल्याची खूण असू शकतात. जाड, पिवळी, भुगा होणारी नखं बुरशीची शंका घ्यायला लावतात. सावळ्या वर्णाच्या माणसांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणं नवीन नाही आणि बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा कडेच्या त्वचेवर पसरणारी काळी रेष दिसली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. प्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली अशाच जातीचा कर्करोग निघाला होता. १९८१ मध्ये तो अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला.

शस्त्रक्रियेला किंवा तपासणीला जाताना नेलपॉलिश काढून जा. रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावतात त्या यंत्राचा आकडा गडद रंगामुळे चुकू शकतो. कोरोनाच्या काळात ही गोष्ट घरोघर माहीत झाली.

तेव्हा लेकीला जरूर काळी नेलपॉलिश लावू द्या. शक्य असेल तर शेजारी बसून तिच्या अनामिकेवर एक भूत काढून द्या. तिच्या वर्गात तिला वेगळं वाटणार नाही आणि आईच्या हातात कला आहे हेही तिला कळेल. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून ती नीट काढा, नखांना तेल चोळा आणि पाडव्याच्या दिवशी त्याच नखांवर लाल रंग लावून मध्ये सोनेरी ठिपका ठेवा. मग फोनवर आजीला दोन्ही हात दाखवायला सांगा. आजीच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या असतील. कदाचित ती विचारेलही, ''त्या कोळ्याचं जाळं कसं काढलंस गं? रांगोळीत काढून पाहीन म्हणते.''